शेतातल्या जळणासाठी जुनी फोर्कलिफ्ट घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यात सहा एकर रान, सगळं काळं. बांधावरची वेडी बाभूळ, सुबाभूळ, रोगामुळे काढून टाकलेली डाळिंबाची बाग आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून विकत घेतलेली झाडं असं मिळून वर्षाला साठ-सत्तर टन जळण निघतं. ते कापून, वाळवून सोलापुरातल्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांना जातं. हमाल मिळत नाहीत, मिळाले तरी टिकत नाहीत. घरी ४५ एचपीचा टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहे. समोर तीन जुनी मशीनं आली आहेत: चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लिलावातली तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट, एक हायड्रा, म्हणजे वजन बूमला टांगून चालणारी क्रेन, आणि एक जेसीबी. यातलं कोणतं घ्यावं?

दादा, तिन्हीतलं एकही घेऊ नका. पण लिलावाला मात्र जरूर जा. का ते पुढे येईलच.

माझा धंदा हायड्रॉलिक दुरुस्तीचा. पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह यांतच दिवस जातो, आणि अशी घाईत घेतलेली मशीनं शेवटी आमच्यासारख्यांच्याच दारात येऊन उभी राहतात. बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. लोक विचारतात, "किती टनाचं घेऊ?" खरं तर आधी ठरवायचं ते हे, की लाकूड एका वेळी कोणत्या रूपात उचलायचं आणि कुठल्या जमिनीवर. ते ठरलं की टन आपोआप कळतो, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो.

वजनाचा अंदाज आधी घेऊ. फूटभर जाडीचा, दहा फूट लांबीचा ओल्या बाभळीचा ओंडका सव्वादोनशे ते अडीचशे किलो भरतो. जाडी दीड फूट झाली की तोच पाचशेच्या वर जातो, कारण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. पण तुमच्या मालात असे ओंडके किती? वेडी बाभूळ वाकडीतिकडी, डाळिंबाची खोडं मनगट-पोटरीएवढी. बेकरीवाल्याला तर हात-दीड हाताचे तुकडेच लागतात. मग लाकूड जागेवर, म्हणजे जिथे झाड पडलं तिथेच, तुकडे करून थेट पिंजऱ्यात भरा आणि पुढे प्रत्येक वेळी पिंजराच हलवा. केमिकलच्या १००० लिटरच्या चौकोनी टाक्या येतात ना, त्यांच्या बाहेरची लोखंडी जाळी आणि खालचा पॅलेट भंगारवाल्याकडे मिळतो. साधारण १ मीटर बाय १.२ मीटर, उंची मीटरभर. आत सैल टाकलेलं लाकूड, ओलं-सुकं धरून, ४०० ते ५०० किलो बसतं. वारा चारी बाजूंनी लागतो, त्यामुळे तिथेच वाळतंही. प्लॅस्टिकची टाकी मात्र घरात आणू नका, आत काय होतं कोणाला ठाऊक. पॅलेट प्लॅस्टिकचा असेल तर तोही घेऊ नका, काळ्या रानात उन्हाने हळूहळू तडकतो. लोखंडीच शोधा.

आता हिशोब करा. सत्तर टन म्हणजे वर्षाला दीडशे-पावणेदोनशे पिंजरे. प्रत्येक पिंजरा रानातून खळ्यावर, खळ्यावरून ट्रॉलीत, असा दोन-तीन वेळा हलणार. एवढ्या कामाला तीन टनाची फोर्कलिफ्ट म्हणजे मशीन वर्षातले बहुतेक दिवस उभं. आणि उभं राहिलेलं मशीन चालणाऱ्यापेक्षा लवकर बिघडतं. सील सुकतात, डिझेलच्या टाकीत पाणी धरतं, उंदीर वायरिंग कुरतडतात.

फोर्कलिफ्टचा दुसरा आणि मोठा दोष जमिनीचा. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन सव्वाचार-साडेचार टन असतं. पुढे पूर्ण वजन घेतलं की एकूण सात टनांच्या वर जातं आणि त्यातला ८५ ते ९० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो. म्हणजे सहा टनांच्या वर, तेही लहान, अरुंद टायरवर. खालून मोकळी जागा जेमतेम चार-पाच इंच. कारखान्याच्या कोब्यावर हे मशीन राजा असतं. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगांत चाक अडकतं, आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस लागला की ते पुढच्या चाकांवर बसतं ते जेसीबी आणल्याशिवाय निघत नाही. वळवणारी चाकं मागे, आणि वजन घेतल्यावर मागे भारच नसल्याने चिखलात ते वळतही नाही. खळ्याचा भाग खणून, खाली खडी-सोलिंग, वर फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवला तर चालेल, पण त्याचा खर्च मशीनच्या किमतीत धरा. वर शेड असलेली काँक्रीटची वखार असती तर मी डोळे झाकून फोर्कलिफ्टच घ्या म्हटलं असतं.

अजून एक. मशीनच्या पाटीवर ३००० किलो लिहिलेलं असतं ते काट्यांच्या, म्हणजे पुढे माल उचलणाऱ्या दोन लोखंडी पात्यांच्या, उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर वजनाचा मध्य असेल तेव्हाचं. लांब ओंडके काट्यांच्या दिशेने घातले की मध्य पुढे सरकतो. दोन टनाच्या मशीनवर मध्य ९०० मिलिमीटरवर गेला तर उचलायची ताकद साधारण १४०० किलोवर येते. म्हणून ओंडका नेहमी काट्यांवर आडवा घ्यायचा, टोकाने नाही.

हायड्राबद्दल फार बोलत नाही. उंच उचलायला ठीक, पण ओंडका साखळीला लोंबकळत पुढे चालतो, ड्रायव्हरला बूमच्या आडून समोरचा माणूस दिसत नाही. जुन्या घडणीच्या हायड्राला बऱ्याच मोठ्या साइटवर आता आत घेत नाहीत ते उगाच नाही. शिवाय तुमच्या रानावरून महावितरणच्या तारा गेल्या असतीलच, आणि त्या किती खाली लोंबतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बूम आणि तार या दोन गोष्टी एका शेतात नकोत.

जेसीबी हे मशीन उत्तम, पण तुमच्यासाठी नाही. ७६ एचपी, साडेसात टनांच्या आसपास वजन. पिना-बुश, बकेटचे दात, टायर, सगळंच मोठं आणि महाग. वर्षातून चार दिवस बुंधे उपटायला लागतो तेव्हा तासावर आणा, मालक डिझेलसह येतो. आणि त्याच्या बकेटने लाकूड भरलं की सोबत माती आणि खडे येतात. मातीचं लाकूड कापलं की चेन सॉची साखळी एका दिवसात बोथट होते, आणि बेकरीवाला भट्टीत माती आली म्हणून दर पाडतो ते वेगळं.

कोणी ऊस भरायचा ग्रॅबर सुचवेल. हंगाम संपला की मार्च-एप्रिलनंतर ते रिकामे असतात, भाड्याने स्वस्तात मिळतात. लांब, न कापलेला माल ट्रकमध्ये भरायचा असेल तर भाड्याने आणून बघायला हरकत नाही. पण त्याची नखं उसाच्या मोळीसाठी केलेली, बाभळीच्या ओंडक्यावर ती वाकतात. विकत घेऊ नका. विहिरीतून दगड-गाळ काढायची क्रेन जळणाला वापरणारेही मी पाहिलेत. तिचा ब्रेक कसा असतो ते जवळून बघितलं की पुढे सांगायची गरज उरत नाही.

मग घ्यायचं काय? तुमचा ट्रॅक्टर घरी आहेच. त्याच्या मागच्या लिफ्टला बसणारे काटे घ्या. जुने मिळाले तर जुने, नाहीतर ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. ४०-५० एचपीच्या ट्रॅक्टरची मागची लिफ्ट साधारण १२०० ते १८०० किलो उचलते असं कंपनीच्या पत्रकात असतं, पण तो आकडा खालच्या दांड्यांच्या टोकाजवळचा. तुमचा पिंजरा त्याच्या मागे दीड-दोन फुटांवर असणार, आणि तिथे खरी अडचण लिफ्टच्या ताकदीची नसते, पुढची चाकं हलकी होण्याची असते.

हे नीट समजून घ्या, कारण उलटलेले ट्रॅक्टर इथेच उलटतात. समजा ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या आसावर, आणि दोन आसांमधलं अंतर १.९ मीटर. स्टीअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या २० टक्के, म्हणजे ४०० किलो तरी पुढे उरलेच पाहिजेत. तेव्हा पुढून कमी करता येतील ते ४०० किलो. वजन मागच्या आसापासून १.३ मीटर मागे असेल तर मागे घेता येतं साधारण ५८५ किलो, काट्यांचं वजन धरून. काटे आणि चौकट दीडशे किलोची, वर साडेचारशेचा पिंजरा, म्हणजे सहाशे. काठाच्याही जरा वरच. पुढच्या बंपरवर २०० किलोची वजनं लावली तर हाच आकडा साडेनऊशेच्या आसपास जातो. म्हणून पुढची वजनं हा शोभेचा भाग समजू नका, काट्यांबरोबरच घ्या. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे पुस्तकात बघून हाच हिशोब पुन्हा करा. पुढचा आस एकटा वजनकाट्यावर चढवून पावती घेतलीत तर अंदाजाचं कामच उरत नाही.

काटे लावताना बाजूच्या साखळ्या ताणून घ्या, नाहीतर पिंजरा डावी-उजवीकडे झुलतो. लिव्हर ड्राफ्टवर (नांगराच्या ओढीप्रमाणे लिफ्ट वर-खाली होते ते) न ठेवता पोझिशनवर (ठरवलेल्या उंचीवर धरून ठेवते ते) चालवा. चालताना पिंजरा जमिनीपासून हातभर, त्याहून वर नाही. बांध ओलांडताना तिरकं जायचं नाही. ट्रॅक्टरवरून उतरायचं असेल तर आधी पिंजरा खाली टेकवायचा.

या साध्या काट्यांना एक मर्यादा आहे. मागची लिफ्ट वर जाऊन जाऊन मीटरभर जाते. ट्रॉलीचा तळच तेवढा उंच असतो. ट्रॉलीचा फाळका पाडून पिंजरा आत सरकवता येईल, पण एकावर एक दोन थर रचता येणार नाहीत. तेवढ्यासाठी मास्ट, म्हणजे फोर्कलिफ्टचे काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा, लागतो, आणि इथे तुमचा लिलाव कामाला येतो.

इंजिन गेलेली, ब्रेक गेलेली जुनी फोर्कलिफ्ट भंगाराच्या वजनाने जाते. तिचा मास्ट, काटे, चेन आणि सिलिंडर मात्र बऱ्याचदा शाबूत असतात. तो मास्ट ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटला, म्हणजे मागच्या लिफ्टच्या तीन दांड्यांना, बसवायचा आणि ट्रॅक्टरच्या बाहेरच्या हायड्रॉलिक पाइपला जोडायचा. चांगला फॅब्रिकेटर हे काम करतो. पण तुम्हाला दाखवलेल्या तीन टनीचा मास्ट नको. तो काट्यांसकट सहज सात-आठशे किलोच्या घरात जातो, म्हणजे वरच्या हिशोबात पिंजऱ्याला जागाच उरली नाही. एक-दीड टनी मशीनचा, कमी उंचीचा मास्ट शोधा. दोन थरांना दोन-सव्वादोन मीटर उचल पुरते. आणि त्याचंही वजन करून, पुढची वजनं लावूनच बसवा.

पुढे धंदा वाढला, ट्रक भरायची वेळ आली, तर जुना फ्रंट लोडर लावलेला फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर बघा. टू-व्हीलवर पुढे लोडर लावू नका असं माझं मत आहे. त्याचा पुढचा आस नांगरणीला केलेला असतो, अर्धा टन वर धरून वळायला नाही. किंगपिन, हबची बेअरिंग, टायर, सगळं एका हंगामात ढिलं होतं. लोडरवाला जुना ट्रॅक्टर बघताना त्याची फ्रेम कुठे बांधली आहे ते वाकून बघा. ट्रॅक्टरला ट्रकसारखी चासी नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स हाच त्याचा कणा. फ्रेम मागच्या आसापर्यंत नेलेली असेल तर ठीक. नुसती पुढे बोल्टने आवळलेली असेल तर क्लच हाउसिंगच्या जोडावर तडा शोधा. तिथे तेल पाझरून धूळ चिकटलेली रेघ दिसली तर मागे फिरा.

तडा शोधायची गावठी पण खात्रीची रीत सांगतो. ताज्या रंगाला भुलायचं नाही, रंगाखालीच वेल्डिंग लपवलेलं असतं. संशयाच्या जागी, म्हणजे काट्याच्या कोपऱ्यात, मास्टच्या जोडावर, सिलिंडरच्या कानावर, रंग खरवडा. तिथे रॉकेल किंवा डिझेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग फडक्याने कोरडं पुसा आणि वर चुन्याची किंवा खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल पूड ओली करतं आणि केसाएवढी काळी रेघ उमटते. विकणारा नको म्हणाला तर त्याला आधीच माहीत आहे.

काट्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. उभ्या भागात झीज नसते, तिथली जाडी मूळची धरा. आडव्या भागाच्या कोपऱ्यात, जिथे काटा वळतो, तिथे ४० मिलिमीटरचे ३६ झाले असतील तर काटा बाद. दहा टक्के झीज म्हणजे ताकद वीस टक्के कमी. चेन धुऊन, ताणात असताना मोजा. नवी असताना ३० सेंटिमीटर भरणारा तुकडा ३०.९ भरला की चेन बदलायची, एक कडीसुद्धा वेल्ड करून चालवायची नाही.

हायड्रॉलिकची परीक्षा सकाळी घेऊ नका. विकणारा तुम्हाला सातला बोलावतो, तेल थंड आणि घट्ट असतं, मेलेला पंपही दाब धरतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात, तासभर काम केल्यावर तेल पातळ होतं तेव्हा त्याचं खरं रूप दिसतं. तासभर वर-खाली करायला लावा. मग खऱ्या वजनासह मास्ट उचलून इंजिन बंद करा, कडेला खडूने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. या वेळात १०० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली उतरलं तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेला. सील किट ही मोठी गोष्ट नाही, त्यावरून सौदा मोडू नका, भाव पाडा. पण सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर नख फिरवा. खड्डे लागले, क्रोम उडालेला असला, तर नवं सील महिनाभरात पुन्हा फाटेल आणि दांडा नवा करायचा खर्च मोठा आहे. टाकीचं झाकण उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, जळका वास आला तर पंप तापतोय.

इंजिनचं उलट. ते थंडच बघायचं. गेल्यागेल्या इंजिनवर हात ठेवा, कोमट लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवलंय. चालू झाल्यावर तेल भरायचं झाकण उघडा. तिथून फसफसून धूर येत असेल तर रिंगा-लायनर संपलेत. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर नाही चालत. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. पेडल किती गुळगुळीत झालंय आणि सीटचा पत्रा किती घासलाय ते बघा.

कागदपत्रांत एवढंच सांभाळा. हायड्रा, जेसीबी आणि फोर्कलिफ्ट नियमात बांधकाम यंत्राच्या वर्गात धरतात, रस्त्यावर काढायचं तर आरटीओचं पासिंग लागतं. लिलावातल्या फोर्कलिफ्टचं पासिंग कधी झालेलंच नसतं. तुम्ही नुसता मास्ट घेणार असाल तर हा प्रश्न येत नाही, पण विक्रीची पावती मात्र कारखान्याच्या नावाची घ्या. जुना ट्रॅक्टर घेतलात तर आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. कर्नाटकाचं पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणायचं काम विकणाऱ्याच्या गळ्यात टाका, तुम्ही हेलपाटे घालू नका.

लिलावाला जाण्याआधी मात्र भंगारातून चार लोखंडी पिंजरे आणा, फॅब्रिकेटरकडून साधे काटे करून घ्या आणि आता जे डाळिंबाचं लाकूड पडलंय ते त्यांत भरून खळ्यावर न्या. ट्रॉली किती उंच पडते, फाळका पाडून भागतं का, बांधावर पुढची चाकं किती हलकी होतात, हे आठवड्याभरात कळेल. मास्ट लागतो की नाही ते तेव्हाच ठरवा, आणि लागला तर त्याच्यासाठी किती वजन आणि किती उंची हवी ते लिहून घेऊन मगच बोली लावायला जा.